निकाल कुणाच्या बाजूनं लागला?

नाशिक जिल्ह्यातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती २९ वर्षांची आहे, घरी शिकवण्या घेते. माहेर आणि सासर दोन्ही सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारचा शब्बाथ पाळणारी आणि येशूच्या दुसऱ्या येण्याची वाट पाहणारी घरं. गेल्या वर्षी मंडळीतला मोठ्यांचा शब्बाथ शाळेचा, म्हणजे शनिवारच्या बायबल अभ्यासाचा वर्ग तिच्याकडे आला. नुसती तिमाही (तीन महिन्यांच्या धड्यांची पुस्तिका) वाचून दाखवायची नाही, नीट अभ्यास करून शिकवायचं, असं तिनं ठरवलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला. दुसऱ्या मंडळीतली मैत्रीण म्हणते, "तुम्ही आधी उत्तर ठरवता, मग वचन शोधता. बायबलमध्ये असं एकच सूत्र नाहीच." मंडळीचे एक वडील म्हणतात, "बाहेरची पुस्तकं वाचशील तर विश्वास गमावशील." तिला स्वतःलाही एक काटा बोचतो आहे. दानीएल ८:१४ मध्ये २३०० दिवसांनंतर पवित्रस्थानाची शुद्धी होईल असं म्हटलं आहे, आणि १८४४ मध्ये स्वर्गात न्याय सुरू झाला ही या मंडळीची शिकवण त्या वचनावर उभी आहे. पण तिथल्या 'शुद्धी'साठी जो मूळ इब्री शब्द आहे, तो लेवीय १६ मधल्या, प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या शुद्धीचा शब्द नाही, असं तिच्या वाचनात आलं. "हे सिद्ध करता आलं नाही तर मी कुठल्या तोंडानं शिकवू? थिऑलॉजीचा कोर्स करू, की वर्गच सोडू?" असं ती विचारते.

सलाम.

तुझ्या पत्रात 'सिद्ध' हा शब्द पाच वेळा आला आहे. शब्बाथ सिद्ध करायचा, १८४४ सिद्ध करायचं, मृतांची स्थिती, म्हणजे मेलेले पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतात, हे सिद्ध करायचं. अभ्यासाची सुरुवात या शब्दापासून केली की बायबल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं आणि आपण वकील होतो. हवं तेवढं त्याच्याकडून वदवून घेतो आणि बसवतो खाली. त्याला आणखी काही सांगायचं होतं का, हे विचारतच नाही. मी स्वतः बरीच वर्षं असंच वाचलं आहे.

मला पहिला वर्ग मिळाला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. धडा दानीएल ७, म्हणजे चार पशूंचं आणि स्वर्गातल्या न्यायसभेचं स्वप्न. ड्रॉइंग शीटवर मोठा तक्ता केला. सिंह म्हणजे बाबेल, अस्वल म्हणजे मेद-पारस, चित्ता म्हणजे ग्रीस, चौथा भयंकर पशू म्हणजे रोम. दहा शिंगांची नावं निळ्या शाईनं, सनावळ्या लाल शाईनं. वर्गात एक आजी बसायच्या. अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून अख्खे अध्याय पाठ. शेताच्या बांधावरून त्यांच्या घरचा दावा कितीतरी वर्षं कोर्टात पडून होता. तारखेला जायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, आसनं मांडली, पुस्तकं उघडली, समदं बराबर. पन निकाल कुनाच्या बाजूनं लागला?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला, तर बाविसाव्या वचनात उत्तर सरळ लिहिलेलं होतं. न्याय पवित्र जनांच्या बाजूनं झाला आणि राज्य त्यांच्या हाती आलं. त्या अध्यायावर मी दोन महिने घालवले होते आणि हे वचन माझ्या तक्त्यावर कुठेच नव्हतं. 'स्वर्गात न्याय चालू आहे' हे शब्द लहानपणापासून ऐकले की माझ्या पोटात गोळा यायचा. आजींना मात्र त्या न्यायाची आस होती. ज्याच्या बांधावर दुसऱ्यानं नांगर फिरवला आहे, तो न्यायाच्या दिवसाला कशाला घाबरेल?

म्हणून तुझ्या पहिल्या गृहीतकाबद्दल बोलू. आपली शिकवण बायबलमधून सिद्ध करणं म्हणजे बायबलचा अभ्यास, असं तू धरून चालली आहेस. ही दोन कामं वेगळी आहेत. १७८७ साली आल्टडॉर्फच्या विद्यापीठात योहान फिलिप गाब्लर या जर्मन प्राध्यापकानं हाच फरक मांडला होता. बायबलच्या लेखकांनी आपापल्या काळात काय म्हटलं हे शोधणं एक, आणि त्यावरून मंडळीनं आज काय मानावं याची मांडणी करणं दुसरं. गाब्लरच्या सगळ्या कल्पना मला पटत नाहीत, पण हा फरक कामाचा आहे. आपल्या २८ मूलभूत श्रद्धा म्हणजे मिसळणाचा डबा. हळद एका वाटीत, मोहरी दुसऱ्या वाटीत. रोजच्या स्वयंपाकाला तो डबा लागतोच. पण हळदीला पानं किती मोठी येतात, ती किती महिने जमिनीत असते, हे डबा बघून कळत नाही. त्यासाठी शेतात जावं लागतं, आणि बायबलची थिऑलॉजी म्हणजे ते शेतात जाणं.

आता तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं. ती काही वेडंवाकडं बोलत नाही. जुन्या कराराला एक मध्यवर्ती सूत्र आहे का, यावर मोठमोठ्या अभ्यासकांचा वाद झाला आहे. वॉल्टर आइख्रोट यांनी सगळं 'करार' या कल्पनेभोवती बांधलं. गेरहार्ड फॉन राड म्हणाले, असं केंद्र जुन्या करारात नाही. आपल्या मंडळीतले गेरहार्ड हासेल अमेरिकेत अँड्र्यूज विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी हा सगळा वाद बारकाईनं तपासला. त्यांचं म्हणणं असं की केंद्र आहे, पण ते केंद्र म्हणजे स्वतः देव. करार, राज्य, तारण यांपैकी एकच कल्पना घेऊन बाकी सगळं तिच्यात कोंबायला गेलं, तर नीतिसूत्रांसारखी पुस्तकं बाहेरच राहतात. मला हे फार मोलाचं वाटतं. 'अ‍ॅडव्हेंटिस्ट नजर' म्हणजे प्रत्येक पानावर आपलीच शिकवण दिसणं, अशी तुझी भीती आहे. पण आपल्याच अभ्यासकांनी अशा कोंबाकोंबीला नकार दिलेला आहे.

मग त्या नजरेत वेगळं काय? माझ्या मते एक सवय. आपण निवासमंडपाची, म्हणजे अरण्यात इस्राएलानं उभारलेल्या देवाच्या तंबूची पानं गाळत नाही. पडदे, खुंट्या, समया, वेदीची शिंगं आली की बरेच लोक पानं उलटून पुढे जातात. आपण थांबतो. आणि मराठी वाचकाला तिथे एक दान आयतंच मिळालेलं आहे. इब्रीत त्या मंडपाला 'मिश्कान' म्हणतात आणि तो शब्द 'शाखन', म्हणजे राहणं, यावरून आला आहे. आपल्या 'निवासमंडप' या शब्दात हे राहणं ऐकू येतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला ते शोधावं लागतं. निर्गम २५:८ मध्ये देव सांगतो, त्यांनी माझ्यासाठी पवित्रस्थान करावं, म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन. मंडप कशासाठी, याचं पहिलं उत्तर 'राहायला' हे आहे. बलिदानांचे नियम नंतर येतात.

हा धागा धरून पुढे चाल. निर्गमाच्या शेवटी मंडप उभा राहतो, तेज आत भरतं आणि मोशेलाही आत पाऊल टाकता येत नाही. घर बांधून तयार आहे आणि माणूस दारातच उभा. लगेच लेवीय सुरू होतं ते त्या मंडपातून आलेल्या हाकेनं. मधोमध सोळावा अध्याय येतो, प्रायश्चित्ताचा दिवस, जेव्हा एक माणूस परमपवित्रस्थानात जातो आणि जिवंत बाहेर येतो. मग गणना उघडून पाहा. पहिल्याच वचनात परमेश्वर मोशेशी मंडपात बोलतो आहे. या तीन पुस्तकांच्या सांध्यावर बोट ठेवलं की लेवीय कशासाठी आहे हे वर्गातल्या शाळकरी मुलालाही समजतं. दारात अडलेला माणूस आत कसा गेला, याची ती हकिकत आहे.

तिथून योहान १:१४. शब्द देही झाला आणि त्यानं आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे. मी हे शिकवताना नेहमी वस्तीच्या एसटीचा दाखला देते. रात्री शेवटची गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच जेवतात, तिथेच झोपतात, गावाच्या डासांत आणि गावाच्या अंधारात. स्टँडवरून हात करून निघून जाणारी गाडी वेगळी आणि ही वेगळी. योहानाला हेच म्हणायचं आहे, असं मला वाटतं. आणि प्रकटीकरण २१:३ मध्ये तोच ग्रीक शब्द परत येतो. देवाचा मंडप माणसांजवळ आहे, तो त्यांच्याबरोबर वस्ती करील. तिथे मात्र सकाळी गाडी सुटत नाही.

हा धागा मी वर्गात पहिल्यांदा दाखवला तेव्हा कुणी काही सिद्ध केलं नव्हतं. तरीही येशूचं दुसरं येणं हा आपल्या विश्वासाचा कणा का आहे, हे सगळ्यांना कळलं होतं. जो राहायला आला होता, तो परत राहायला येणार आहे.

शब्बाथही असाच वाच. दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत आणि शब्बाथाचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलं आहे, हे आपण किती जणांना शिकवतो? निर्गम २० मध्ये कारण उत्पत्तीचं. सहा दिवसांत परमेश्वरानं सगळं केलं आणि तो सातव्या दिवशी थांबला. अनुवाद ५ मध्ये कारण मिसरचं. तू दास होतास, म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. वकिलाला हा फरक अडचणीचा वाटेल. वाचणाऱ्याला त्यात दुप्पट खजिना आहे. शनिवारी आपण परीक्षेला बसत नाही, दुकान उघडत नाही, पण त्या दिवशी आपल्या घरी धुणीभांडी करायला बाई येते का, हा प्रश्न अनुवाद ५ विचारतं. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा माझं वय चाळिशीच्या पुढे गेलेलं होतं, आणि मी निर्गम २० तर तिसरीतच पाठ केलं होतं.

मृतांच्या स्थितीबद्दल थोडकंच सांगते. 'मेलेल्यांना काहीच कळत नाही' हे उपदेशक ९:५ खरं आहे, पण मयताच्या घरी ते फेकून मारू नकोस. योहान ११ पूर्ण वाच. लाजर झोपला आहे असं येशू म्हणतो, मार्थेशी पुनरुत्थानाबद्दल बोलतो, आणि कबरेशी पोचण्याआधी रडतो. तिन्ही गोष्टी त्याच क्रमानं शिकव.

आता तुझा काटा. तू वाचलंस ते बरोबर आहे. लेवीय १६ मध्ये शुद्ध करण्याचा शब्द 'ताहेर', आणि दानीएल ८:१४ मध्ये 'नित्स्दाक', जो 'त्सादाक', म्हणजे न्याय्य असणं, योग्य ठरणं, यावरून येतो. जुन्या ग्रीक भाषांतरानं तिथे शुद्धीचा शब्द घातला आणि तो पुढे चालत आला. शिवाय बहुतेक अभ्यासक त्याच अध्यायातल्या लहान शिंगात अंतियोख चौथा हा ग्रीक राजा पाहतात, ज्यानं ख्रिस्तपूर्व १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. हे आक्षेप खोटे नाहीत आणि ते लपवून शिकवू नये. आपल्याच मंडळीतले अभ्यासक डेस्मंड फोर्ड यांनी असे प्रश्न उभे केले. १९८० च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेशियर व्ह्यू इथे शंभराहून जास्त लोक त्यावर बसले आणि नंतर फोर्ड यांचं पाळकपद गेलं. बऱ्याच घरांत तेव्हा दुःख झालं. ही गोष्ट तुला कुणा परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

पण या शिकवणीचा सगळा भार त्या एका शब्दावर आहे, हे तुझं दुसरं गृहीतक. ते तपासून पाहा. मी जेव्हा सातवा आणि आठवा अध्याय शेजारी शेजारी ठेवते, तेव्हा मला दिसतं ते असं. दोन्हीकडे राज्यं एकामागून एक येतात, दोन्हीकडे एक लहान शिंग माजतं आणि देवाच्या लोकांना तुडवतं. मग सातव्यात ज्या जागी न्यायसभा भरते, त्याच जागी आठव्यात पवित्रस्थानाबद्दलचं हे वाक्य येतं. तसं असेल तर 'योग्य ठरवलं जाणं' हा न्यायाच्या रंगाचा शब्द तिथे शोभतो. 'शुद्धी'पेक्षा तो मोठा आहे, शुद्धी त्याच्या पोटात मावते. माझं मत म्हणून हे सांगते आहे, आणि प्रामाणिक माणसं इथे वेगळ्या मताची आहेत. एक दिवस म्हणजे एक वर्ष, ख्रिस्तपूर्व ४५७ पासून २३०० वर्षं मोजून १८४४ ला पोचणं, या सगळ्या पुढच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला स्वतंत्र कारण लागतं. तुला आज ती सगळी देता येत नसतील तर वर्गाला तसं सांग. "इथवर मला दिसतं, यापुढे मी अजून वाचते आहे," असं म्हणणाऱ्या शिक्षिकेवर लोक जास्त विश्वास ठेवतात.

वडिलांनी तुला बाहेरच्या पुस्तकांची भीती घातली. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपला शब्बाथ बाहेरूनच आला. २२ ऑक्टोबर १८४४ ला येशू येईल म्हणून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या मागचे हजारो लोक वाट पाहत बसले आणि सकाळ नेहमीसारखीच उजाडली. त्यातल्या मूठभरांनी पुन्हा पुस्तक उघडलं, इब्री लोकांस पत्र नव्यानं वाचलं आणि स्वर्गातल्या पवित्रस्थानाकडे त्यांचं लक्ष गेलं. आणि सातव्या दिवसाचा शब्बाथ न्यू हॅम्पशायरमधल्या वॉशिंग्टन गावच्या अ‍ॅडव्हेंट विश्वासणाऱ्यांना कळला तो रेचल ओक्स या सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट बाईमुळे. ती बाहेरची म्हणून तिचं ऐकलं नसतं तर? आपल्या मूलभूत श्रद्धांच्या प्रस्तावनेतही लिहिलं आहे की बायबल हाच आमचा एकमेव श्रद्धालेख आणि समज वाढली की हे शब्द बदलू शकतात. ते बदललेही आहेत. १९८० मध्ये २७ होत्या, २००५ मध्ये २८ झाल्या.

पण वडिलांशी हा वाद घालायला जाऊ नकोस. चहाला जा आणि विचार, "तुमच्या डोळ्यांदेखत कोण सोडून गेलं?" अशी भीती पुस्तकातून येत नाही, एखाद्या माणसाच्या जाण्यातून येते. कदाचित त्यांचा भाऊ असेल, कदाचित मुलगा. ते ऐकून घे. मग त्यांना वर्गात मोठ्यानं वाचायला बसव. जुन्या माणसांचा वाचण्याचा सूर वर्गाला लागतोच.

आपल्या मंडळीच्या संस्थापकांपैकी एक, एलन व्हाइट, यांच्या लिखाणाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो प्रश्न येणारच. आधी वचन, मग तुझी स्वतःची टिपणं, मग त्यांचं पुस्तक. त्यांनी स्वतः आपल्या लिखाणाला मोठ्या प्रकाशाकडे नेणारा लहान प्रकाश म्हटलं आहे. हा क्रम उलटा केला की लोक बायबल उघडेनासे होतात.

कोर्स आत्ता नको. पुण्यात औंधला स्पायसर हे आपल्या मंडळीचं विद्यापीठ आहे. १९१५ ला कोइमतूरला सुरू झालेली ती संस्था १९४२ पासून पुण्यात आहे. तिथे थिऑलॉजी शिकता येते आणि पुढे जावंसं वाटलं तर जरूर जा. पण आत्ता तू उत्तरं सापडावीत म्हणून घाईनं नाव घालशील आणि फीसाठी शिकवण्या वाढवशील. एक वर्ष वर्गासोबत वाच. तुझे खरे प्रश्न कोणते, हे त्या वर्षात ठरेल. वर्ग सोडण्याचं तर मनातही आणू नकोस.

दोन भाषांतरं जवळ ठेव. एक बायबल सोसायटीचं आणि दुसरं पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून या बाईनं इब्री आणि ग्रीक शिकून घेतलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं आणि १९२२ मध्ये देह ठेवला. दोन भाषांतरं जिथे वेगळी पडतात तिथे पेन्सिलची खूण कर. मूळ भाषेत काहीतरी दडलेलं असण्याची जागा बहुधा तीच असते. आणि दोनशे पानी वही घे. डाव्या पानावर 'इथे काय लिहिलं आहे', उजव्या पानावर 'मला काय शिकवलं होतं'. उजवं पान खोडायचं नाही. कधी दोन्ही पानं जुळतील, कधी नाही जुळणार. दोन्ही वेळा तारीख घाल.

येत्या तिमाहीचे तेरा शब्बाथ आहेत. धडा चालू राहू दे, पण शेवटची दहा मिनिटं मागून घे. निर्गम २५ पासून सुरुवात कर, एका वेळी एक तुकडा, मोठ्यानं. पहिल्या आठवड्यात दोराचं माप घेऊन अंगणात मंडप आखा. लांबी ३० हात, रुंदी १० हात. चर्चच्या अंगणात सहज मावेल. मुलांना खुंट्या धरायला लाव, वडिलांना दाराशी उभं कर आणि मग सगळ्यांना विचार, आत कोण राहणार आहे?